चिंचोक्यांची लढाई

लढाई ही किती कंटाळवाणी गोष्ट असते हे मला आमच्या घरमालकांनी शिकवलं, तेही त्यांच्याच बैठकीत, कूलरसमोर बसवून. दर रविवारी दुपारी, आणि फुकट.

सगळा मोहल्ला त्यांना सुभेदार म्हणायचा. ते सुभेदार नव्हते. फौजेत होते हे खरं, पण कारकून. रेकॉर्ड ऑफिसात टाइपरायटरसमोर बसून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढची बढती मोहल्ल्यानं त्यांच्या मिशा पाहून दिली. ती त्यांनी कधी नाकारली नाही, पण कुणा नव्या माणसानं कौतुकानं विचारलं, "सुभेदारसाहेब, किती मारले असतील तुम्ही?" तर ते शांतपणे सांगायचे, "मी कोणालेच नाही मारलं. मी टायपिंग करत होतो." 

मी तेव्हा नागपुरात सक्करदऱ्याकडे त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आईबरोबर भाड्यानं राहत होते आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. राहायला येऊन आठवडा झाला नसेल, तर एका सकाळी सुभेदार दारात उभे. हातात वही, कानाला पेन्सिल.

"बाई, तुमचं गणित पक्कं आहे म्हणतात. मले एक सांगा. माणूस तहानलेला असला तर किती हळू चालते?"

मी म्हटलं, "पाण्याकडे चालला असेल तर भराभर चालतो."

मी थट्टा केली होती. सुभेदारांनी ती जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली, "बरोबर आहे" म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी मला खेळाची पंच नेमण्यात आलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण फौजेत विचारत नाहीत म्हणे.

खेळ बैठकीत मांडलेला असे. बैठक म्हणायची सवय म्हणून म्हणायचं, बसायला तिथं जागा नव्हतीच. दोन जुनी दारं शेजारी शेजारी टाकून केलेलं टेबल सगळी खोली अडवून होतं. दारांच्या कड्यासुद्धा काढल्या नव्हत्या. त्यावर कन्हान नदीची चाळलेली वाळू, मातीच्या टेकड्या, काचेच्या निळ्या बांगड्यांच्या तुकड्यांची नदी. सैनिक म्हणजे चिंचोके. साठ चुना लावलेले, साठ गेरूनं रंगवलेले. प्रत्येकावर नंबर, आणि प्रत्येक नंबराचा माणूस एका जाड वहीत. नाव, गाव, घरी कोण कोण, काय आवडतं. "बावीस नंबर. रामटेक. घरी धानाची शेती, म्हातारी आजी. पोहता येत नाही." पोहता येत नाही हे नदी ओलांडताना कामाला यायचं.

गंमत म्हणजे दोन्ही सैन्यांत आमच्याच भागातली गावं. पांढऱ्यांत रामटेक, सावनेर. गेरूत काटोल, उमरेड. मी एकदा विचारलं, "मग यात शत्रू कोणता?"

"समोरचा," सुभेदार म्हणाले. "दुसऱ्या देशातली गावं मले माहीत नाहीत. खोटी कायले लिहू?"

असं असताना खेळायला माणसं येत कशी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर बैठकीच्या खिडकीत बसवलेलं होतं. नागपूरचा मे महिना, आणि गल्लीत वाळ्याचा कूलर फक्त सुभेदारांकडे. त्या कूलरसाठी माणसं कुठल्याही देशाशी लढायला तयार होती. शिवाय खेळ संपला की काकू, म्हणजे सुभेदारांची बायको, तर्रीपोहे करायच्या.

नेमानं येणारे दोघे. एक समोरचे बँकवाले, ज्यांना कसलीच वाट पाहायला आवडत नसे. दुसरे आमच्याच शाळेतले पी. टी. मास्तर, ज्यांना सगळंच आवडायचं. मास्तर पहिल्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून आले. टेबलाजवळ जाऊन त्यांनी शिट्टी फुंकली आणि फर्मावलं, "चढाई."

"कोणाले सांगून राहिले?" सुभेदारांनी विचारलं.

"सैन्याले."

"सैन्य दोन मैलांवर आहे. चिठ्ठी लिहा. निरोप्या नेईन."

मास्तरांनी चिठ्ठी लिहिली. सुभेदारांनी फासा टाकला. एक पडला. "निरोप्या नाल्यात पडला. पाय मोडला. चिठ्ठी पोचली नाही." मास्तरांनी दुसरी लिहिली. ती पोचली, पण निरोप्याच्या वाटेची वीस मिनिटं गजराच्या घड्याळात भरेपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर नव्या बुटांचा नियम लागू झाला. सहा जणांचे बूट चावत होते. ते मागं राहिले. मग पाण्याचा हिशेब माझ्याकडे आला, त्यात आणखी चौघे अडकले, दोघांचं पोट बिघडलं. शेवटी मास्तरांच्या चढाईत टेकडीवर पोचले ते सात जण, आणि टेकडीवर कुणीच नव्हतं. बँकवाल्यांना आपलं सैन्य तिथं पाठवायचं सुचलंच नव्हतं.

"एकदम खरं," मास्तर घाम पुसत म्हणाले. "अगदी असंच असते." मास्तर आयुष्यात शेजारच्या कामठीच्या पुढं गेले नव्हते.

बँकवाल्यांचं मत वेगळं होतं. "ही लढाई आहे का रेशनची लाईन? तीन तास झाले, एक गोळी नाही सुटली."

"लढाईत वाटच पाहावी लागते," सुभेदार म्हणाले.

खेळणाऱ्याचा स्वतःचा एक चिंचोका असायचा. तो मेला की खेळणारा मेला. मेलेल्यानं भिंतीशी चटईवर बसायचं, बोलायचं नाही आणि खेळ संपेपर्यंत पोहे मागायचे नाहीत. बँकवाले लागोपाठ तीन रविवार पहिल्या अर्ध्या तासात मेले. मला आधी वाटलं, बिचाऱ्यांचं नशीबच खोटं. मग लक्षात आलं की चटई नेमकी कूलरच्या तोंडासमोर होती आणि मेलेले बँकवाले पाच मिनिटांत घोरायला लागायचे. चौथ्या रविवारी त्यांनी आपला चिंचोका एकटाच नदीकाठी उघड्यावर उभा केला, तेव्हा सुभेदारांनी चटई स्वयंपाकघराच्या दाराशी हलवली. त्यानंतर बँकवाले फार जपून लढू लागले.

आणि मग तो पत्रांचा नियम. त्यानं आमच्या नाकी नऊ आणले.

ज्याचा सैनिक मेला त्यानं पुढची खेळी करण्याआधी त्या सैनिकाच्या घरी पत्र लिहायचं. खरंच लिहायचं, कागदावर, शाईनं. पोस्टकार्डाएवढे कागद सुभेदार कापून ठेवायचे. वहीतून नाव-गाव घ्यायचं आणि तो कुठं होता, काय करत होता, कसा गेला हे लिहायचं. एक मेला तर एक पत्र. पाच मेले तर पाच. बँकवाल्यांनी एकदा पहिलं पत्र नीट लिहून खालच्या चारांवर नुसतं "वरीलप्रमाणे" लिहिलं. सुभेदारांना मी कधी चढ्या आवाजात बोलताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी चारही कागद फाडले, नवे चार ठेवले आणि बँकवाल्यांच्या पेनात स्वतः शाई भरून दिली. बँकवाल्यांनी कानाला खडा लावला.

याचा परिणाम असा झाला की कुणी चढाईच करेना. पत्रं लिहायच्या भीतीनं दोन्ही सैन्यं नदीच्या दोन काठांवर महिनोन् महिने नुसती बसून राहिली. मास्तरांसारखा माणूस, ज्याला शिट्टी फुंकल्याशिवाय मुलींना पाणीसुद्धा पिऊ देता येत नसे, तो म्हणू लागला, "राहू द्या ना, तिकडं कायले जायचं, इकडंच बरं आहे." मोठमोठे पुढारी गळ्यात हार घालून जी शांतता आणू शकत नाहीत ती आमच्याकडे बँकवाल्यांच्या आळसानं आणली होती.

प्रत्येक खेळानंतर अभिप्राय लिहायची एक वही होती. मास्तर लिहायचे, "उत्कृष्ट." बँकवाले लिहायचे, "मंद. शेवट लागत नाही. पोहे चांगले." माझी जीभ तेव्हाही तिखट होती. मी लिहिलं होतं, "खेळ फार चांगला आहे, फक्त तो खेळायला मिळत नाही." आणखी एकदा, "हा खेळ खेळून कोणीही फौजेत जाणार नाही आणि कोणीही हा खेळ पुन्हा खेळणार नाही." सुभेदार हे सगळं मनापासून वाचायचे आणि प्रत्येकाखाली तारीख टाकून सही करायचे. मला वाटे, यांना राग का येत नाही? माणसाला टोमणा कळलाच नाही तर टोमणा मारणाऱ्याची फार पंचाईत होते.

त्यांच्या मनात एकच होतं. खेळ दुकानात गेला पाहिजे. डबा, डब्यात चिंचोक्यांऐवजी लाकडी सैनिक, नियमांचं पुस्तक. घराघरात मुलांनी खेळला पाहिजे. "मी गेलो की हे सगळं चुलीत जाईन, बाई," ते एकदा म्हणाले. "मले पोरं नाहीत. दुकानात गेलं तर राहीन."

काकूंनाही तेच हवं होतं, फक्त कारण वेगळं. "कोणी घेऊन जा वं बाप्पा हे," त्या मला म्हणायच्या. "सहा वर्षं झाली, माझ्या बैठकीत पाव्हणा नाही बसला. माझी बहीण येते तं तिले मी चुलीपाशी पाट देते. लाज वाटते मले."

योग आला तो बँकवाल्यांमुळे. इतवारी बाजारातल्या एका खेळण्यांच्या ठोक व्यापाऱ्याचं खातं त्यांच्या बँकेत होतं. ते शेठना रविवारी घेऊन आले. शेठ भले गृहस्थ. वीस मिनिटं गजराच्या घड्याळाकडे पाहत बसले. निरोप्या नाल्यात पडला तेव्हा हसले. मग मास्तरांचा एक सैनिक मेला, मास्तर पत्र लिहायला बसले आणि शेठना कूलरसमोर डोळा लागला. उठले तेव्हा पोहे तयार होते.

"खेळ बढिया आहे, सुभेदारसाहेब," शेठ पोहे खाता खाता म्हणाले. "असा माल बाजारात नाही. नकाशा आहे, हुकूम आहे, पोरं पागल होतील. पण ते घड्याळ काढून टाका."

"काढतो," सुभेदार म्हणाले. आम्ही चकित झालो.

"बूट चावते ते काढा. पोट बिघडते तेही."

"काढतो."

"आणि हे चिठ्ठी लिहिणं. हे तं पहिले काढा. पोरगं शाळेत दिवसभर लिहिते, घरी येऊन मयताची चिठ्ठी काहून लिहीन?"

सुभेदारांनी मिशीवरचा पोह्याचा कण पुसला. शेठ म्हणाले, "पुढच्या रविवारी चिठ्ठीशिवाय खेळून दाखवा. जमलं तर मी सोमवारी सुताराले कामाले लावतो. नाही तं राम राम."

त्या आठवड्यात मी काकूंना कैरीचं लोणचं घालायला मदत करत होते. मी म्हटलं, "काकू, एवढं सोन्यासारखं गिऱ्हाईक आलं आहे, एक नियम सोडायला यांना काय होतं?"

काकूंनी फोडींना मीठ चोळता चोळता सांगितलं. पासष्टची लढाई चालली होती त्या दिवसांत रेकॉर्ड ऑफिसातून गेलेल्या जवानांच्या घरी पत्रं जायची. ती टाइप करायचं काम यांचं. मजकूर वरून ठरवून आलेला, तीन ओळी. नाव बदलायचं, गाव बदलायचं. हे सकाळी बसायचे ते दिवे लागेपर्यंत तेच करायचे.

"एक दिवस एक म्हातारा आला म्हणे तिथं," काकू म्हणाल्या. "एका गावातले दोन पोरं गेले होते. याच्या घरचं एक पत्र अन् शेजाऱ्याचं एक, दोन्ही घेऊन आला. लिहिता-वाचता येत नव्हतं त्याले, पण दोन्ही कागद कोणी वाचून दाखवले असतील. यांच्या टेबलावर दोन्ही ठेवले अन् इचारलं, साहेब, दोन्हींत एकच लिहिलं आहे. याच्यात माझ्या पोराचं काय आहे?"

"मग काय म्हणाले सुभेदार?"

"काय म्हणतील? यांले कुठं माहीत होतं पोरगं कसं गेलं ते. नाव दाखवलं म्हणे बोटानं. हे नाव तुमच्या पोराचं आहे."

मला तोपर्यंत वाटत होतं की मी फार विनोदी अभिप्राय लिहिते. त्या दिवशी लोणच्याच्या फोडी कापताना मला माझी फार लाज वाटली.

रविवारी शेठ वेळेवर आले. त्यांनी मुद्दाम नवं माणूस खेळायला हवं म्हटलं, म्हणून पंचाच्या खुर्चीवरून मला उठवून पांढरं सैन्य दिलं गेलं. समोर गेरू घेऊन मास्तर. घड्याळ नाही, बूट नाही, पत्र नाही. सुभेदार स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर बसले, मांडीवर ती जाड वही.

खरं सांगते, मला मजा आली. फार मजा आली. मी दहा जण नदीत घातले, चार बुडाले, सहा पोचले. मास्तरांनी टेकडीवरून वीस जण सोडले, मी बारा कापले. कोण बुडालं, कोण कापलं गेलं हे पाहायला वेळच नव्हता. मेलेले चिंचोके आम्ही एका परातीत टाकत होतो आणि परातीत ते पडल्याचा आवाज छान यायचा. मास्तरांनी शिट्टी फुंकली. बँकवाले उभे राहून मला डाव सांगत होते. तासाभरात टेकडी माझी झाली. परातीत सत्तावन्न चिंचोके होते. त्या बैठकीत तोवर झालेल्या सगळ्या खेळांत मिळून एवढे मेले नव्हते.

शेठनी टाळी वाजवली. "बस, हाच खेळ पाहिजे. सुभेदारसाहेब, हो म्हणा. उद्या सुतार बोलावतो."

काकू दारात पोह्यांची कढई घेऊन उभ्या होत्या. त्यांचं तोंड उजळलं होतं. सगळे सुभेदारांकडे पाहत होते.

सुभेदार उठले. परात उचलून त्यांनी चटईवर ठेवली, कापलेले कागद काढले, एक चिंचोका हातात घेऊन नंबर पाहिला, वहीत नाव शोधलं आणि लिहायला बसले.

शेठ हसले. वाट पाहिली. पोहे खाल्ले. पाणी प्याले. सुभेदारांचं चौथं पत्र चाललं होतं.

"साहेब, चिंचोके आहेत ते."

"हो," सुभेदार मान वर न करता म्हणाले. "चिंचोकेच आहेत."

"मग खेळाचं काय समजू?"

सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "शेठजी, तुम्ही चांगले माणूस आहात. तुमचं बरोबर आहे, असाच विकला जाईन. पण असा नाही देता येत मले. मी पाहिलं आता. असा देणं म्हणजे मी पुन्हा तेच टायपिंग केलं."

शेठना ते काही समजलं नाही. त्यांनी नमस्कार केला, बँकवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. बँकवाले त्यांना पोचवायला गेले ते परत आले नाहीत. मास्तर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे होते.

मी काकूंकडे पाहायचं टाळत होते. त्यांची बैठक आता त्यांना मिळणार नव्हती, आणि त्यांच्या बहिणीला जन्मभर चुलीपाशीच बसावं लागणार होतं. काकूंनी कढई खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर चटईवर मांडी घातली.

"अवो, सगळे तुमीच लिहान का आता? सावनेरचे इकडं द्या. माझं माहेर आहे ते."

सुभेदारांनी सावनेरचे सहा वेगळे काढून दिले. मास्तर बसले. त्यांनी न विचारता काटोलचे घेतले.

मग मी बसले. परातीत हात घातला तर रामटेकचा बावीस नंबर आला, धानाची शेती, घरी आजी. त्याला मी कुठं मारलं ते मला आठवेना. मी तो बोटांत फिरवत बसले. ओठांवर एक चांगला चुटका आला होता, तो मी गिळला. मग आठवलं. नदीत जे चार बुडाले त्यांत तो होता. पोहता येत नाही हे वहीत लिहिलेलं होतं, ती वही त्या खोलीत माझ्याइतकी कुणीच वाचली नव्हती, आणि त्या दिवशी मी ती उघडलीसुद्धा नव्हती.

कुणी तपासणार नव्हतं. नियम रद्द झालेला होता. शूर होता, देशासाठी गेला, असं लिहून मोकळं होता आलं असतं. मी लिहिलं, "तुमच्या नातवाला मी नदीत घातलं. त्याला पोहता येत नव्हतं हे मला माहीत होतं. मला जिंकायची घाई झाली होती, म्हणून मी पाहिलं नाही."

सुभेदारांनी कागद घेतला, चष्मा नाकावर सरकवून वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"पत्ता राहिला, बाई," ते म्हणाले.